वजा चार

सराफ्यात रात्री साडेबाराला
भुट्ट्याच्या किसावर लिंबू पिळत
पोरगा म्हणाला, "भिया, टिकायचं कसं?"
मोबाईलमध्ये त्याची चाळीस लाख माणसं होती.
आमच्या बाकावर तिसऱ्याला जागा होती.

मी कीबोर्डवाला. मला काय विचारतोस?
एकतीस वर्षं वत्सला वाघमोडेच्या डाव्या हाताला बसलो.
तिच्या गळ्यापेक्षा तिच्या चपला मला जास्त ठाऊक.
स्टेजवर चढण्याआधी आधी उजवी काढायची, मग डावी,
आणि कुणी पळवू नयेत म्हणून
माझ्या वायरींच्या पेटीत ठेवायची.

पण एक वही आहे माझ्याकडे.
विम्याच्या जुन्या डायऱ्या, गाण्यापुढे पट्टी.
शहाऐंशी, नंदानगरचा गणपती: काळी पाच.
मुलगी झाली त्या साली: पांढरी सहा.
मिल बंद पडली, नवरा घरी बसला,
ती आठवड्याला पाच-पाच रात्री गाऊ लागली: काळी चार.
पुढे बरीच वर्षं तिथेच.
मग थायरॉइड, पांढरी पाच.
मग काळी तीन. इथे कारण लिहिलेलं नाही.

दर वेळी माझ्याकडे न बघता
पदराआडून एक बोट खाली,
की मी बटण दाबायचो.
लोक म्हणायचे, वा, आवाज अगदी तसाच.

दिनेश पंवारचा आवाज तिच्याहून चांगला होता.
चांगला म्हणजे चांगला, मी ऐकलाय.
त्यानं पट्टी सोडली नाही.
आता बायपासला प्लॉट दाखवतो,
आणि लग्नात जेवणाचं ताट घेऊन
स्टेजपासून लांब, कुल्फीवाल्याकडे उभा राहतो.

परदेशीपुऱ्यातून एक मुकादम
दर वर्षी चिठ्ठी पाठवायचा,
बायकोसाठी, तेच एक गाणं.
एका वर्षी चिठ्ठी आली नाही.
मी सूर धरून बसलो होतो, तिनं मान हलवली.
नंतर म्हणाली, "आज नको असेल त्यांना."
ते गाणं यादीत तिनं पुढच्या वर्षी घेतलं,
अगदी शेवटी, माणसं उठायला लागल्यावर.

आणि हे तुला सांगायचं नव्हतं, पण ऐक.
दोन हजार अकरा, अनंत चतुर्दशी,
झांक्या बघायला रस्ते तुडुंब,
मध्येच बत्ती गेली.
आली तेव्हा मशीन शून्यावर आलं होतं
आणि मी वजा चार करायला विसरलो.

पहिल्या ओळीतच तिला कळलं. मलाही.
थांबता आलं असतं.
ती वर गेली.
मुखडा निभावला. अंतऱ्यात आवाज फाटला,
बाजाराच्या पिशवीसारखा, शिवणीवर.
मागे कुणीतरी हसलं.
एकानं टाळी सुरू केली आणि मध्येच सोडली.

परतताना मेटाडोरमध्ये मी माफी मागायला तोंड उघडलं.
ती चपला घालत होती. म्हणाली,
"बावीस वर्षांनी माळ्यावर चढले रे.
सामान सगळं जागच्या जागी आहे."
मग पाटणीपुरा गेला, मालवा मिलचा चौक गेला,
कुणी बोललं नाही.
उतरताना म्हणाली,
"उद्यापासून बॅटरी घेऊन येत जा."

त्यानंतर सहा वर्षं गायली.
बॅटरी दोनदा बदलली.

पोरगा थोडा वेळ गप्प.
"म्हणजे पट्टी उतरवायची?"
मी म्हटलं, आधी सांग, तुझी कुठली?
"ट्रॅकची असेल ती," तो म्हणाला,
आणि मोबाईल वाजला म्हणून उठून गेला.

द्रोणात थोडा कीस उरला होता.
गार झाला होता, पण लिंबू नीट पिळलं होतं त्यानं.
मी संपवला.